स्ट्रॉबेरी पिकण्याआधी

सिएटलच्या पाइक प्लेस मंडईचा इतिहास बहुधा कांद्यापासून सुरू होतो. १९०६-०७च्या सुमारास कांद्याचा भाव दहापट चढला. शेतकऱ्याच्या हाती काही पडत नव्हते, गिऱ्हाईक नाडले जात होते आणि मधला पैसा अडते खात होते. थॉमस रेव्हेल या नगरसेवकाने पुढाकार घेतला आणि शेतकऱ्याने आपला माल थेट गिऱ्हाइकाला विकावा म्हणून शहराने एक रस्ता मोकळा करून दिला. १७ ऑगस्ट १९०७ रोजी तिथे जेमतेम दहाएक गाड्या आल्या आणि दुपारच्या आत रिकाम्या झाल्या. आपल्या वाचकाला यात नवे काही वाटू नये. अडत हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

मला मात्र या मंडईच्या इतिहासात १९०७पेक्षा १९४२चा वसंत महत्त्वाचा वाटतो. त्या वसंतात मंडई उघडी होती, पण तिचे शेतकरी हलवले जात होते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी या मंडईतले निम्म्याहून अधिक ओटे जपानी वंशाच्या शेतकऱ्यांचे होते. व्हाइट नदीच्या खोऱ्यात ते लेट्यूस, कोबी, मटार पिकवत. बेलव्ह्यू आणि बेनब्रिज बेटावर त्यांनी तोडलेल्या जंगलाचे बुंधे उपटून स्ट्रॉबेरीचे मळे केले. पण जमीन त्यांची नव्हती. आशियातून आलेल्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळत नसे. आणि ज्यांना ते मिळू शकत नाही त्यांना जमिनीची मालकी नाही, खंडही नाही, असा कायदा वॉशिंग्टन राज्याने १९२१ साली केला. पुढे मुलांच्या नावे जमीन करण्याची वाटही बंद झाली. मग कुणा गोऱ्या ओळखीच्याच्या नावाआडून, कधी कागदावर मजूर म्हणून, शेती चालू राहिली. (१९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्यालाही याच रांगेत बसवले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.)

पर्ल हार्बरनंतर, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला. पेरणीचे दिवस जवळ आले होते. आपल्याला इथून हलवणार हे शेतकऱ्यांना दिसत होते. तरीही पीक सोडून देणे हा घातपात समजला जाईल, अशी तंबी त्यांना मिळाली. म्हणजे पेरायचे, खुरपायचे, आणि काढणीला हजर राहायचे नाही. ३० मार्चला बेनब्रिज बेटावरच्या २२७ जणांना सहा दिवसांच्या मुदतीनंतर बोटीत चढवले. बेटावरची स्ट्रॉबेरी जूनमध्ये पिकते. काही मळे तिथल्या फिलिपिनो मजुरांनी सांभाळले. परतल्यावर ज्यांना आपली शेती जागेवर सापडली, ते बव्हंशी यांच्यामुळे. सिएटलच्या लोकांना एप्रिलअखेरपासून पुयालपच्या जत्रेच्या मैदानात कोंडले आणि तिथून आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत धाडले. बेलव्ह्यूत १९२५पासून भरणारी स्ट्रॉबेरीची जत्रा त्या वर्षी भरलीच नाही. ज्यांनी फळ पिकवायचे, तेच जागेवर नव्हते.

मंडईच्या दप्तरातले आकडे पुढचे सांगतात. १९३९ साली शेतकऱ्यांना ५००हून अधिक परवाने दिले गेले होते. १९४९ साली ते पन्नाशीच्या आसपास उरले. याचे खापर मोटारी, उपनगरे आणि सुपरमार्केट यांच्यावर फोडण्याची पद्धत आहे. ती कारणे खोटी नाहीत, पण ती सर्व सावकाश काम करणारी आहेत. मालकीच्या जमिनीवरचा शेतकरी तीन वर्षांनी परत आला तर निदान बांध तरी ओळखतो. यांच्यातल्या बहुतेकांना परत यायला बांधच नव्हता. मंडईने अडत्याला बाजूला सारले. जमिनीच्या कागदाला ती हात लावू शकत नव्हती.

१९७१ साली शहराच्या मतदारांनी ही मंडई पाडू दिली नाही. तिच्या प्रवेशद्वाराशी अकी सोगाबे यांची जपानी शेतकऱ्यांवरची चित्रमालिका आहे. पर्यटक मात्र मासे फेकणाऱ्या कोळ्यांभोवती गर्दी करतात. १९२१चा तो कायदा १९६६ साली रद्द झाला. तोवर व्हाइट नदीच्या खोऱ्यातल्या लेट्यूसच्या शेतांवर कारखाने उभे राहू लागले होते.