सिंगापूरचं फूल आणि अ‍ॅग्नेसबाई

आज एका फुलाचा इतिहास सांगायचा आहे. तो सांगताना एका बाईचाही सांगावा लागतो, कारण तिच्या वाट्याचं श्रेय बरीच वर्षं दुसऱ्याच्याच नावावर पडून होतं.

ऑर्किड म्हटलं की आपल्याला लग्नाच्या गुच्छातली महागडी जांभळी फुलं आठवतात. पण हे घराणं आपल्याला परकं नाही. पावसाच्या तोंडाशी कोकणात, सह्याद्रीत झाडांच्या फांद्यांवरून गुलाबी-पांढरे तुरे लोंबतात, ती सीतेची वेणी म्हणजे ऑर्किडच. झाडावर राहते, पण झाडाचा रस पीत नाही. पावसाचं पाणी आणि हवेतला ओलावा मुळांनी घेते. बांडगूळ समजून कुणी ती ओरबाडत असेल तर तिला थांबवा.

आता सिंगापूरला जाऊ. विषुववृत्ताला लागून असलेलं हे बेट. हिवाळा नाहीच, बाराही महिने उकाडा आणि पाऊस. एकोणिसाव्या शतकात तिथे इंग्रजांचं राज्य होतं आणि व्यापारासाठी देशोदेशीची माणसं येऊन राहिली होती. त्यांत थोडी आर्मेनियन कुटुंबंही होती. अशाच जोआकिम नावाच्या व्यापारी कुटुंबात 1854 साली अ‍ॅग्नेसचा जन्म झाला. भावंडं अकरा, आणि मुलींत ही थोरली. 1872 साली वडील गेले तेव्हा ती अठरा वर्षांची होती. थोरल्या मुलीच्या वाट्याला काय येतं ते तुम्हाला सांगायला नको. आईच्या बरोबरीनं धाकट्यांचं केलं, लग्न केलं नाही, चर्चचं शिवणकाम-भरतकाम केलं आणि उरल्या वेळात बाग केली. ही बाग साधी नव्हती. शहरातल्या फुलांच्या प्रदर्शनांत तिची फुलं बक्षिसं मिळवत.

त्या काळी सिंगापूरच्या घराघरांत दोन ऑर्किडं असत. एक मलायातल्या दलदलीत वाढणारं, दुसरं ब्रह्मदेश आणि आपल्या ईशान्य भारताकडचं. दोघांची पानं पेन्सिलीसारखी गोल. अ‍ॅग्नेसबाईंनी या दोघांचा संकर केला.

ऐकायला सोपं वाटतं, पण भोपळ्याच्या मादीफुलावर नरफूल टेकवतो तेवढं ते सोपं नाही. ऑर्किडचा पराग पुडीसारखा सुटा नसतो, त्याच्या बारीक गोळ्या असतात. त्या काडीनं उचलून दुसऱ्या फुलाच्या खोबणीत ठेवाव्या लागतात. मग शेंग पिकायला कित्येक महिने. एका शेंगेत बी हजारोंनी, पण धुळीसारखं. ज्वारीच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी असते, तशी यात काहीच नसते. मातीतल्या किंवा सालीवरच्या एका बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. बाटलीत साखर घातलेल्या खळीवर हे बी उगवण्याची रीत अमेरिकेतल्या नडसन नावाच्या शास्त्रज्ञानं 1922 साली जगासमोर ठेवली. अ‍ॅग्नेसबाईंचं काम त्याच्या तीसेक वर्षं आधीचं. त्यांच्याजवळ ना बाटली, ना प्रयोगशाळा. बी पेरायचं, ओल राखायची, आणि एखादं रोप जगलंच तर फुलापर्यंत वर्षानुवर्षं थांबायचं.

फूल आलं ते जांभळट गुलाबी, मधल्या पाकळीवर केशरी झाक. बाईंनी ते सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख हेन्री रिडली यांना दाखवलं. (मलायात रबराची लागवड वाढवणारे रिडली ते हेच.) रिडलींनी 1893 साली लंडनच्या ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या बागकामाच्या साप्ताहिकात त्याची माहिती छापली. मिस जोआकिम यांनी हा संकर साधला, असं त्यांनी त्यात स्वच्छ लिहिलं आणि फुलाला नावही त्यांचंच दिलं : वांडा मिस जोआकिम. 1899 च्या प्रदर्शनात या फुलाला बक्षीस मिळालं. त्याच वर्षी जुलैमध्ये कर्करोगानं अ‍ॅग्नेसबाई गेल्या. वय पंचेचाळीस.

त्यानंतर गोष्ट बदलली. म्हणजे लोकांनी बदलली. बाईंना एके सकाळी बांबूच्या बेटात हे फूल आपोआप उगवलेलं सापडलं, भुंग्यानं संकर केला आणि बाईंची फक्त नजर पडली, असं सांगितलं जाऊ लागलं. पुढे जाणकारांनीही तेच लिहिलं. भुंगे अशा फुलांवर येतात आणि संकर होऊही शकतो, हे खरं आहे. पण ज्या माणसानं बाईंना आणि फुलाला दोघांना पाहिलं होतं, त्याचं लेखी वाक्य बाजूला सारून पुढच्या काळातली ऐकीव गोष्ट खरी मानायची, हे आम्हाला काही पटत नाही. बाईंची बाजू घेणाऱ्या अभ्यासकांनी जुने कागद पुन्हा पुढे आणले, आणि 2016 मध्ये सिंगापूरच्या सरकारी खात्यांनी हे फूल अ‍ॅग्नेसबाईंनीच घडवलं असं मान्य केलं. रिडलींचं वाक्य तोवर 123 वर्षं छापील पडून होतं.

दरम्यान फूल स्वतः थांबलं नव्हतं. फांदी तोडून लावली की हे झाड जगतं, त्यामुळे आपण मोगऱ्याची फांदी शेजारणीला देतो तसं ते कुंपणांवरून पसरलं. पुढे हवाई बेटांवर त्याची शेतं झाली आणि तिथल्या प्रसिद्ध हारांत ते गुंफलं गेलं. सिंगापुरात ऑर्किडच्या संकराचं काम सरकारी उद्यानानं हाती घेतलं, निर्यातीचा धंदा उभा राहिला, आणि 1981 साली हेच फूल देशाचं राष्ट्रीय फूल ठरलं.

कोकणातल्या ज्या मैत्रिणींना गोल पानांची ही जात लावून पाहायची असेल, त्यांच्यासाठी थोडं. तिला सावलीची जाळी नको, भरपूर ऊन हवं. माणसाच्या उंचीचा खांब रोवून वेल बांधायची. शेंडा खांबाच्या वर उघड्या उन्हात आला की कळ्या धरतात. सावलीत पानंच वाढत बसतात. बुडाशी विटांचे तुकडे, नारळाचं सोडण आणि चांगलं कुजलेलं शेणखत घालावं, पाणी मात्र साचू देऊ नये. सिंगापुरात वर्षभर पाऊस असतो, आपल्याकडे तो चारच महिने. म्हणून दिवाळीनंतर रोज सकाळी मुळांवर पाणी शिंपडावं लागेल, आणि उन्हाळ्यात दोनदा.