अठरा दिवसांचें हृदय

केपटाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयांत ३ डिसेंबर १९६७ रोजीं डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनीं लुई वॉशकान्स्की यांच्या छातींत अपघातांत मरण पावलेल्या एका तरुणीचें हृदय बसविलें. मनुष्याचें हृदय मनुष्यास देण्याचा हा पहिलाच प्रयोग. जगानें त्याचा जयजयकार केला. परंतु परक्या अवयवावर तुटून पडणें हा शरीराचा धर्मच होय. तो आवरण्यासाठीं अझाथायोप्रिन, स्टेरॉइडें व कोबाल्टचे किरण योजण्यांत आले. पुढें फुप्फुसांत छाया दिसतांच शरीर हृदयास नाकारीत आहे, अशा समजुतीनें हे उपाय अधिकच कडक झाले. वास्तविक तो न्यूमोनिया होता! २१ डिसेंबरास रुग्ण गेला. हृदय मात्र अखेरपर्यंत उत्तम चाललें होतें.

१९८३ सालीं अमेरिकेंत सायक्लोस्पोरिन या बुरशीपासून मिळालेल्या औषधास मान्यता मिळाली. तें मुख्यतः टी-पेशींनाच आवरीत असल्यामुळें रुग्ण अधिक जगूं लागले. तरी संसर्गाचें भय सरलें नाहीं. पहारेकऱ्यास झोपविल्यावांचून पाहुणा घरांत राहात नाहीं, आणि पहारेकरी गाढ झोपला कीं चोरास दार मोकळें होतें. त्याला किती झोपवावें, हा केपटाउनचा प्रश्न आजही प्रत्येक रुग्णापाशीं नव्यानें सोडवावा लागतो.