विशेष मुलांना गावच्या शाळेत हक्काची जागा

स्वमग्न मुलाला शिकवायचे असेल तर शहर गाठावे लागते, असा समज अजूनही रूढ आहे. कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावात राहणाऱ्या पालकांपुढे त्यामुळे दोनच पर्याय उरल्यासारखे वाटतात: मुलासाठी छत्रपती संभाजीनगरात बिऱ्हाड करणे किंवा त्याला घरीच ठेवणे. कायद्याने मात्र तिसरा मार्ग खुला केला आहे. तो म्हणजे घराजवळच्या सर्वसाधारण शाळेत, इतर मुलांच्या बरोबरीने शिक्षण.

स्वमग्नता म्हणजे काय?

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या अभ्यासावरून या अवस्थेचे वर्णन प्रथम सविस्तर मांडले. संवाद साधण्यात अडचण, एकाच कृतीची पुनरावृत्ती, दिनक्रमातील बदल सहन न होणे, आवाज वा स्पर्श यांविषयी तीव्र संवेदनशीलता ही तिची प्रमुख लक्षणे. हा मेंदूच्या विकासातील वेगळेपणा आहे. पालकांच्या संगोपनातील दोष नव्हे. प्रत्येक मुलात त्याचे स्वरूप निराळे असते.

कायद्याची वाटचाल

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकारांची नोंद होती. त्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचा उल्लेख आला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने हे प्रकार २१ वर नेले आणि त्यात स्वमग्नतेबरोबरच अध्ययन अक्षमतेचाही समावेश केला. शासकीय अनुदान वा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असे हा कायदा सांगतो. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तीव्र वा बहुविध दिव्यांगत्व असल्यास घरी राहून शिकण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे.

आधी नोंद, मग सवलत

खरी अडचण सुरू होते ती ओळख पटण्यापासून. पाय अधू असल्याचे चटकन दिसते. स्वमग्नता दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, परंतु स्वमग्नतेसाठी तीत स्वतंत्र रकानाच नव्हता. निदानासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरली जाते. शाळेतच प्राथमिक चाचपणी व्हावी म्हणून एनसीईआरटीने २०२२ मध्ये 'प्रशस्त' ही तपासणी सूची व मोबाइल अ‍ॅप उपलब्ध केले. शिक्षकाची नोंद म्हणजे निदान नव्हे. पालकांना वेळीच डॉक्टरांकडे पाठविण्याचे ते साधन आहे. वैश्विक ओळखपत्रासाठी पालकांना ऑनलाइन अर्ज करता येतो.

वर्गात काय करता येते?

यासाठी महागडी साधने लागतातच असे नाही. दिवसभराचे तास चित्रांच्या क्रमाने भिंतीवर लावणे, बसण्याची जागा ठरलेली ठेवणे, एका वेळी एकच छोटी सूचना देणे, वेळापत्रकातील बदल आधी सांगणे, गोंगाट असह्य झाल्यास मुलाला शांत कोपऱ्यात बसू देणे, मदतीसाठी एक सवंगडी नेमणे, हे सारे जिल्हा परिषदेच्या शाळेतही शक्य आहे. अंधूक दिसणाऱ्या मुलाला ठळक अक्षरे, कमी ऐकू येणाऱ्याला पुढचा बाक, असे बदल इतरांसाठीही करता येतात. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद कायद्यातच आहे.

शिक्षक कुठे आहेत?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्राने २०२२ मध्ये प्रमाण ठरविले: प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिक स्तरावर पंधरामागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना अशी पदे निश्चित करून भरतीची जाहिरात काढण्यास सांगितले. या हिशेबात मेख अशी, की शाळेच्या दप्तरात दिव्यांग म्हणून नोंद नसलेल्या मुलासाठी पदही मोजले जात नाही. म्हणूनच पिशोरमधील पालकांनी मुख्याध्यापकांकडे लेखी नोंद करावी, तसेच कन्नड येथील गटशिक्षणाधिकारी कार्यालयात समावेशित शिक्षणाची चौकशी करावी. मूल मोजले गेले, तरच त्याच्यासाठी शिक्षक मागता येतो.