कीडनाशक-अंश, भाज्या व फळांवरील : घरगुती निवारण

पिकावर फवारलेल्या कीटकनाशकाचा, बुरशीनाशकाचा किंवा वाढ-नियामकाचा जो भाग काढणीनंतरही मालावर वा मालात राहतो, त्याला कीडनाशकाचा अवशेष किंवा उर्वरित अंश म्हणतात. कोणत्या पिकात कोणते द्रव्य किती चालेल याची कमाल मर्यादा भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण ठरवते. ती एका किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. इतका थोडा अंश डोळ्यांना दिसत नाही, नाकालाही बहुधा कळत नाही. द्राक्षावरची पांढुरकी लव पुष्कळ लोक औषध समजून चोळून काढतात. ती बहुतांशी फळाचे स्वतःचे मेण असते.

धुऊन काय निघेल हे औषध कुठे बसले आहे यावर ठरते. मँकोझेबसारखे स्पर्शजन्य बुरशीनाशक सालीवर थर करून राहते. क्लोरपायरीफॉस किंवा सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशके पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि सालीच्या मेणचट थरात मुरतात. पावसाने औषध धुपू नये म्हणून शेतकरी फवाऱ्यात ‘स्टिकर’ मिसळतात, तोही त्यांना धरून ठेवतो. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही आंतरप्रवाही औषधे थेट झाडाच्या रसात उतरतात. मावा, तुडतुडे रस शोषतात आणि त्यातूनच मरतात. आत शिरणे हाच या औषधांचा गुण असल्याने बाहेरून कितीही धुतले तरी ती निघत नाहीत.

उपायांमध्ये पहिला मान साध्या पाण्याचा, आणि तो बहुतेक घरांत मिळत नाही. अमेरिकेतील कनेटिकट कृषी प्रयोग केंद्राने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नळाच्या वाहत्या पाण्याने १२ पैकी ९ कीडनाशकांचे अंश कमी झाले. उरलेल्या तिघांत क्लोरपायरीफॉस आणि बायफेन्थ्रिन होते. बाजारातली खास ‘फळे धुण्याची’ द्रावणे पाण्याहून सरस ठरली नाहीत. औषध पाण्यात किती विरघळते याचाही निकालाशी फारसा संबंध दिसला नाही. म्हणजे वाहते पाणी व बोटांचे घासणे यांनी सुटे कण उडवून लावणे हेच मुख्य काम. परातीत बुडवून ठेवलेली भाजी तेच पाणी पुन्हा अंगावर घेते.

खाण्याच्या सोड्याची कीर्ती २०१७ च्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील प्रयोगाने वाढली. सफरचंदावर थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक व फॉस्मेट हे कीटकनाशक लावून एक टक्का सोड्याच्या पाण्यात, म्हणजे लिटरला सुमारे दोन चहाचे चमचे, १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर पहिल्याचा ८० व दुसऱ्याचा ९६ टक्के अंश गेला. मात्र थायाबेंडाझोल सालीत ८० मायक्रोमीटरपर्यंत शिरलेले आढळले, आणि तेथवर सोडा पोहोचला नाही. सोड्याचे काम रासायनिक आहे: फॉस्मेटसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातली बरीच द्रव्ये अल्कलीत फुटतात. फुटून जे तयार होते ते दरवेळी निरुपद्रवी असतेच असे नाही, म्हणून सोड्यानंतर स्वच्छ पाण्याची धार हवीच.

आम्लाचा उपाय जुना आहे. १९२०च्या दशकात ब्रिटनने अमेरिकी सफरचंदांवरच्या आर्सेनिकला हरकत घेतल्यावर तिथल्या बागायतदारांनी लेड आर्सेनेटचा थर काढायला फळे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुण्याची यंत्रे बसवली. घरात हेच काम चिंच किंवा व्हिनेगर करते. केरळ कृषी विद्यापीठाने वेल्लायणी येथील प्रयोगशाळेतील चाचण्यांवरून दोन टक्के चिंचेच्या पाण्याचा, म्हणजे लिटरला २० ग्रॅम चिंचेचा, सल्ला लोकांपर्यंत नेला. मोरचूद व चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचे निळसर डाग आम्लात विरघळतात, तेव्हा तिथे चिंच सोड्याहून बरी.

मिठाच्या पाण्याचा खरा लौकिक फ्लॉवरमधल्या अळ्या बाहेर काढण्यासाठी आहे. थोडे अंशही त्याने सुटतात. हळदीबद्दल मात्र श्रद्धाच जास्त. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. कपडे धुण्याची पूड किंवा भांड्यांचा साबण वापरू नये, तो भाजीच्या सच्छिद्र सालीत राहतो.

भाजी चिरण्याआधी धुवावी. कोबीची बाहेरची दोन-तीन पाने काढून टाकणे हे कोणत्याही द्रावणाहून परिणामकारक ठरते. दुधी, काकडी, बटाटा यांची साल काढल्यानेही पुष्कळ फरक पडतो. पालक, मेथी, कोथिंबीर यांना ही सोय नाही; जुडी सोडून पाने सुटी करून वाहत्या पाण्याखाली धरावी लागतात. शिजवल्याने काही औषधे कमी होतात, पण तेवढ्यावर विसंबू नये: मँकोझेबच्या गटातली बुरशीनाशके उष्णतेने इथिलीन थायोयुरिया या अधिक घातक द्रव्यात बदलतात. टोमॅटो, बटाट्यावर ती सर्रास फवारली जातात, म्हणून ते धुवायचे ते चुलीवर चढवण्यापूर्वी.

अंशाचे प्रमाण ठरते ते मुळात शेतात. प्रत्येक औषधाच्या लेबलवर शेवटची फवारणी व काढणी यांमधला प्रतीक्षा काळ दिलेला असतो. भेंडीचा तोडा दिवसाआड होतो, वांग्याला फळ पोखरणारी अळी हंगामभर असते. तोडा थांबवला तर भेंडी निबर होऊन विकत नाही, त्यामुळे हा काळ पाळणे शेतकऱ्याला कठीण जाते. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षे अडवली गेली ती शेतकरी ‘सीसीसी’ म्हणतात त्या क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे. छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला ते फवारतात आणि ते वेलीच्या आत भिनते. निर्यातीची द्राक्षे आता बागेतून नमुना घेऊन, प्रयोगशाळेत तपासूनच पाठवली जातात. गावच्या बाजारातल्या भाजीला अशी तपासणी नसते.