नाईल आणि आपला नाग नाला

हिरोडोटसचं ते नाईलवालं वाक्य शाळेत सगळ्यांनीच घोकलंय. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी नाईलला पूर यायचा, गाळ शेतांवर पसरायचा. पायऱ्यांवर पाण्याची उंची मोजून त्या साली सारा किती बसेल याचा अंदाज बांधायचे. देशाचं नावच केमेत, म्हणजे काळी जमीन!

आता काळी जमीन आपल्याकडेही आहे. पण ती नदीनं आणलेली नाही, लाव्हाच्या दगडाची माती झालेली आहे, आणि कापूस पावसावरच येतो. मग नागपूरला नदीनं काय दिलं?

ज्या नदीवरून शहराचं नाव पडलं म्हणतात ती नाग नदी लाव्याच्या टेकड्यांतून निघते. केवढीशी! ती नाईलसारखी स्वतःहून काही देणार नाही, तिचं पाणी अडवावं लागतं. देवगडच्या बख्त बुलंद शाहनं १७०२ च्या सुमारास इथली खेडी जोडून शहर वसवलं आणि त्याच्या मुलानं, चांद सुलतानानं, जुम्मा तलाव बांधला (आजचा गांधीसागर). आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, बफर.

या बफरकाठचा किस्सा मस्त आहे. जमशेदजी टाटांनी गिरणीसाठी तलावाजवळची दलदलीची जागा घेतली. कापूस जवळ, वरोऱ्याला कोळसा, वाफेच्या इंजिनांना पाणी. एका मारवाडी सावकारानं कर्ज नाकारलं, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय म्हणून. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि पुढे त्याच सावकारानं कबूल केलं की यानं माती टाकून सोनं काढलं! त्या गिरणीवर हजारो घरं जगली, २००२ मध्ये ती बंद पडेपर्यंत.

असो. आज आपण पेंच आणि कन्हानचं पाणी पितो, त्यामुळे नागकडे बघायची गरजच उरली नाही. म्हणून तर नदीचा ‘नाग नाला’ झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्री काही तासांत १०० मिमीच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नदी थेट लोकांच्या हॉलमध्ये शिरली. तेव्हा दोन-चार दिवस तिची चर्चा झाली.

बाकी वर्षभर ती आपलं सांडपाणी घेऊन कन्हानला जाते, तिथून वैनगंगेत आणि पुढे गोसेखुर्दच्या जलाशयात. भंडाऱ्याकडचे ढिवर त्याच पाण्यात जाळी टाकतात.