ध्रुव आणि दोरी

मंडळी, बर दुबईहून अब्रात बसलं की वाटतं, ही खाडी पहिल्यापासून अशीच खोल असणार. मुळीच नाही! गाळामुळे मोठी जहाजं बाहेरच नांगर टाकत. शेख राशिद यांनी कुवेतकडून कर्ज घेऊन १९६० च्या सुमारास गाळ उपसला.

त्याआधी रात्री शिडाचं गलबत आणणारा नाखुदा (आपला नाखवा तो हाच!) काय करी? फळी आणि गाठींची दोरी, म्हणजे 'कमाल', यांनी ध्रुवाची उंची मोजली की आपण किती उत्तरेला आलो ते कळे. पण गलबताखाली पाणी किती, ते ध्रुव कसं सांगणार? त्यासाठी शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायची. वजनाला चरबी लावली की तळची वाळू किंवा चिखल चिकटून वर येई. शंका आली, तर नांगर टाकून उजाडण्याची आणि भरतीची वाट बघायची.

माझ्या गाडीत जीपीएस आहे. पण शंका आली की थांबायचं, हे मात्र मला अजून जमत नाही.