दक्षिणा, दफ्तर आणि विद्यापीठ

जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन तालुक्यांविषयी लिहिणारा मनुष्य बहुधा शिवनेरीवरील जन्मस्थानापासून अथवा भीमाशंकराच्या ज्योतिर्लिंगापासून आरंभ करतो, आणि ते स्वाभाविकच आहे; परंतु या भूमीचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, गेली दोन सहस्र वर्षे येथे नाना भाषांत आणि नाना लिप्यांत अखंड लेखन होत आले, आणि त्या लेखनाचे वाचन करण्याचा मान मात्र बहुतेक वेळा परस्थांकडे गेला. लिहून घेण्यास येथे कधी द्रव्याची वाण पडली नाही; वाचावयास शिकण्याची सोय मात्र फार उशिरा, आणि तीही पुण्यास झाली. भाषांच्या अध्ययनास आश्रय कोणी दिला, तो कोणास मिळाला आणि कोणास नाकारला गेला, या प्रश्नांची उत्तरे शोधू जाता याच परिसरातील एका घाटमाथ्यापाशी येऊन थांबावे लागते.

कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल सह्याद्री चढून ज्या वाटेने देशावर येई ती नाणेघाटाची वाट जुन्नरास येऊन मिळते. या घाटाच्या माथ्यावर, वाटसरूंनी विसाव्यास टेकावे अशा ठिकाणी कोरलेल्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेच्या नावाशी निगडित असा प्राकृत भाषेतील आणि ब्राह्मी लिपीतील विस्तीर्ण लेख असून, तो सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो. समोरच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, राणी नागनिका, राजा सातकर्णी आणि राजकुमार यांच्या प्रतिमा होत्या. आज पाहू गेल्यास पावलांचे अवशेष आणि वरची नावे एवढेच उरले आहे. लेखात अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची गणना असून प्रत्येक यज्ञापाठोपाठ दिलेल्या दक्षिणेचा तपशील आहे: गायी, हत्ती, घोडे, गावे आणि कार्षापण नाणी. एके ठिकाणी तर २४,४०० कार्षापणांची नोंद अंकचिन्हांनी केलेली आहे, आणि भारतीय अंकलेखनाच्या अगदी आरंभीच्या साधनांत या लेखाची गणना होते ती याच हिशेबी वृत्तीमुळे. विद्येस राजाश्रय म्हणजे विद्वानास दक्षिणा, ही व्यवस्था महाराष्ट्रात किती जुनी आहे याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

नाणेघाटाचा लेख राजकुलाचा असला, तरी घाटमाथ्यावरून पुढे जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत, म्हणजे शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री येथे, ज्या दीडशेहून अधिक लेण्यांची खोदाई झाली तिचे दाते बव्हंशी बाजारातील आणि दफ्तरातील माणसे होती. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. बांबूचे काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी ठेवी ठेवल्याच्या नोंदी आहेत. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने मानमोडीवर आपले दान कोरवून घेतले. आणि इरिल, चिट व चंद या तिघा यवनांनी आपल्या देणग्या लिहविल्या त्या ग्रीक अक्षरांत नव्हे, तर येथल्याच प्राकृतात. समुद्रापलीकडून आलेला मनुष्य भिक्षूंसाठी भोजनमंडप बांधतो आणि त्याची नोंद स्थानिक भाषेत व्हावी असा आग्रह धरतो, यावरून त्या काळी भाषा शिकण्याची पाठशाळा कोणती होती हे ध्यानात येते: पेठ, जकातीचे नाके आणि विहार.

पुढे धर्मविद्येची भाषा आणि लोकव्यवहाराची भाषा यांच्यात अंतर पडले, आणि ज्ञानाच्या दारावर पहारा बसला. त्या पहाऱ्याविषयी लोकांनी काय मानले याची साक्ष जुन्नर तालुक्यातीलच आळे या गावी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणास ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदविले असे परंपरा सांगते, त्याची समाधी येथे असल्याची श्रद्धा असून तेथे यात्राही भरते. आख्यायिकेची ऐतिहासिकता तपासीत बसण्याचे कारण नाही. ज्याला अक्षराचा अधिकार नाही असे ठरविले गेले त्याच्याच मुखी अक्षर यावे ही आकांक्षा गावकऱ्यांनी शतकानुशतके जतन केली, हेच इतिहासाच्या दृष्टीने पुरेसे मोलाचे आहे.

बहमनी अमदानीत जुन्नर हे सुभेदारीचे ठाणे झाले, आणि १४९० मध्ये मलिक अहमदाने निजामशाहीची स्थापना केली तेव्हा अहमदनगर वसण्यापूर्वी काही काळ राज्याचा कारभार येथूनच चालला. फारसी ही हुजुराची भाषा, मोडीतील मराठी ही परगण्याच्या आणि गावच्या दफ्तराची भाषा, आणि या दोहोंमध्ये जा-ये करणारे देशपांडे, कुळकर्णी, मुनशी आणि पारसनीस अशी श्रमविभागणी त्या काळात रूढ झाली. १४७० च्या सुमारास त्वेर नगराचा अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलास उतरून घाट चढून जुन्नरास आला, तेव्हा ठाण्याचा अधिकारी असदखान याने त्याचा घोडा जप्त केला आणि धर्मांतर केल्यास तो परत मिळेल असे फर्माविले. खुरासानच्या एका ख्वाजाने रदबदली केली म्हणून त्याची सुटका झाली. त्याने आपल्या प्रवासाचे जे टिपण लिहिले त्यात रशियन वाक्यांच्या मध्येच तुर्की, फारसी आणि अरबी शब्दांचे मिश्रण येते, आणि मनातील खाजगी गोष्ट किंवा प्रार्थना लिहावयाची झाली म्हणजे तो विशेषेकरून त्या मिश्र भाषेकडे वळतो. पुढे दोन शतकांनी, १६७५ मध्ये, जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा इंग्रज वैद्य मोगल सुभेदाराच्या निमंत्रणावरून जुन्नरास आला आणि त्यानेही गड, शहर व लेणी यांचे वर्णन लिहून ठेवले. जुन्नरचा वृत्तांत अशा रीतीने मॉस्कोच्या बखरीत आणि लंडनच्या छापखान्यात पोहोचला. जुन्नरकराच्या हाती तो यावयास आणखी कित्येक पिढ्या जावयाच्या होत्या.

शिवनेरीवर १६३० मध्ये जन्मलेल्या पुरुषाने १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला, आणि राजसत्तेने भाषेच्या शास्त्रीय कामास हात घातल्याचा तो मराठी मुलखातील ठळक प्रसंग होय. तरीही दफ्तराचा शिरस्ता सहजासहजी पालटत नाही. पेशवाईच्या अखेरपर्यंत सनदा, महजर, ताकीदपत्रे आणि कबुलायती यांची भाषा फारसीमिश्रितच राहिली. भीमाशंकराच्या देवळापुढे टांगलेली, क्रूसाचे चिन्ह धारण करणारी घंटा हीही त्याच काळाची खूण: १७३९ मध्ये वसई सर झाल्यावर चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून आणलेल्या घंटांपैकी ती एक मानली जाते. ती पाहणाऱ्या यात्रेकरूंपैकी पोर्तुगीज कागदपत्रे वाचणारा सहसा कोणी नसतो. ते काम गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी केले, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाची ती बाजू उजेडात आली.

वाचनाचा मान परस्थांकडे गेला असे आरंभी म्हटले त्याचे प्रत्यंतर एकोणिसाव्या शतकात विशेष येते. मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची आकडेवारी जमा करीत हिंडणाऱ्या विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला १८२८ मध्ये नाणेघाटातील लेख आढळला. १८३७ मध्ये कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मीचा उलगडा केला. त्यानंतर जुनागडचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्या लेखातील अंकांवर परिश्रम केले आणि ब्यूलर या जर्मन पंडिताने त्याचे विवेचन केले. गुजराती, इंग्रज व जर्मन अशा या मालिकेत जुन्नरचा मनुष्य वाटाड्या म्हणून असेल, वाचक म्हणून नाही. यात परक्यांना दोष देण्याचे काहीच कारण नाही. त्यांचे ऋणच मोठे आहे. दोष असलाच तर विद्येच्या आश्रयाची जी रचना होती तिचा.

ती रचना म्हणजे नाणेघाटात दिसलेली तीच दक्षिणा. तळेगावच्या दाभाड्यांनी चालविलेला श्रावणातील दक्षिणेचा परिपाठ पेशव्यांनी पुण्यास आणून वाढविला. देशोदेशीचे शास्त्री येत, त्यांची परीक्षा होई आणि योग्यतेनुसार बिदागी मिळे. राज्य गेल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टन याने हा खर्च एकदम बंद न करता त्याचा एक भाग शिक्षणाकडे वळविण्याचे धोरण धरले, आणि १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली गेली. १८४९ मध्ये काही सुधारकांनी या निधीतून मराठी ग्रंथांना उत्तेजन मिळावे असा अर्ज केला, तेव्हा सनातनी मंडळींचा जो क्षोभ उसळला त्यात जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन होऊन मराठी लेखकास प्रथमच सरकारी पारितोषिक मिळू लागले, आणि पाठशाळेचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले; रानडे व भांडारकर यांच्यासारखे विद्यार्थी दक्षिणा फेलो म्हणून नेमले गेले. यज्ञाच्या मांडवातून निघालेला पैसा दोन हजार वर्षांनी विद्यार्थ्याच्या हाती पडला, तो असा. आणि ज्याला आधीच विद्या आली आहे त्याऐवजी ज्याला ती यावयाची आहे त्याला तो मिळू लागला, हा त्यातील खरा पालट होय.

१९४९ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या कुलगुरुपदाखाली पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि आता सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या त्या संस्थेच्या भाषाविभागांकडे पाहिले, म्हणजे जणू जुन्नरचे दफ्तर उलगडण्यासाठीच ते रचले आहेत असे वाटू लागते. संस्कृत-प्राकृत आणि पाली हे विभाग लेण्यांच्या कामाचे; न्यायमूर्ती रानड्यांच्या नावाच्या संस्थेत चालणारे रशियन, जर्मन, फ्रेंच इत्यादी परकीय भाषांचे वर्ग निकितिन आणि ब्यूलर यांच्यापर्यंत पोहोचविणारे. विद्यापीठाबाहेर भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून मोडी आणि फारसी साधनांची जी सेवा केली, ग. ह. खऱ्यांनी फारसी कागद ज्या चिकाटीने लावले, आणि रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून जे पंचेचाळीस खंड काढले, त्या वाटेवर अद्याप कित्येक पिढ्यांना पुरेल इतके काम शिल्लक आहे. आज जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर आणि घोडेगाव येथे महाविद्यालये आहेत. वाचक निर्माण होण्यास लागणारी पहिली पायरी गावाच्या वेशीपाशी आली आहे.

आणि वाचावयाचे साहित्य केवळ दगडावर आणि कागदावर नाही. पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजांच्या ज्या बोली आहेत त्यांना कोणीही शिळेवर कोरून ठेवलेले नाही. डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले तेव्हा शेतांची, पाणवठ्यांची आणि देवराहाट्यांची नावे त्याबरोबर जाण्याचा धोका उत्पन्न झाला. जुन्नर तालुक्यातील निमगिरीचे डॉ. गोविंद गारे यांनी महादेव कोळ्यांविषयी ग्रंथरचना करून दाखविले की, ज्यांच्याविषयी इतरांनीच लिहावे असा प्रघात होता त्या समाजातील मनुष्यही आपल्या लोकांचा अभ्यासक होऊ शकतो. हा अपवाद न राहता शिरस्ता व्हावा अशी इच्छा असेल, तर व्याख्यानांची आणि सत्कारांची गरज थोडी आहे.

गरज आहे ती साध्या व्यवस्थेची. ब्राह्मी आणि मोडीचे वर्ग आज बहुतांशी पुण्यास भरतात, आणि घोडेगावच्या वरच्या अंगाच्या गावातील विद्यार्थ्यास एस. टी.चे भाडे, खोलीचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा मेळ घालीत तेथवर जावे लागते. उलट लेख जुन्नरास आहेत, आणि वतनपत्रे व खरेदीखते याच दोन तालुक्यांतील घरांच्या पेट्यांत आहेत. विद्यापीठाने सुट्टीतील एखादा लिपिवर्ग लेण्याद्रीच्या पायथ्याशी भरविला, त्यास येणाऱ्या मुलांच्या भोजनाचा आणि प्रवासाचा खर्च उचलला आणि वर्गाच्या शेवटी प्रत्येकाकडून स्वतःच्या गावचा एक कागद वाचून घेतला, तर सातवाहनांपासून चालत आलेल्या दानधर्माच्या परंपरेत ती रक्कम अगदी क्षुल्लक ठरेल. परंतु या भूमीचा लेख या भूमीच्या माणसाने वाचण्याचा प्रारंभ त्या रकमेतून होईल.